लहूकाकांची रांग

लहू वानखेडे मूळचे अकोल्याचे, पण अमेरिकेतल्या नोव्हायमधली मराठी मंडळी त्यांना 'लंडनवाले काका' म्हणतात. लंडनला ते उभ्या आयुष्यात तीन-चारदा गेले असतील, तेही व्हिसाच्या खेट्यांसाठी. राहिले ते कॉव्हेंट्रीत, अठरा वर्षं, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत. पण कॉव्हेंट्री म्हटलं की समोरचा 'कुठे आलं ते?' विचारतो, आणि मग काका फोनवर नकाशा उघडून त्याला अर्धा तास सोडत नाहीत. त्यापेक्षा लंडन बरं, असं त्यांच्या बायकोनं, अंजनाकाकूंनी, परस्पर ठरवून टाकलं.

गंमत अशी की कॉव्हेंट्रीत असताना या माणसानं एक दिवस त्या देशाला चांगलं म्हटलं नव्हतं. बेसिनला दोन नळ, एकातून चटका अन् दुसऱ्यातून बर्फ, मधलं पाणी कुठे मिळतं, म्हणून रोज सकाळी कटकट. उन्हाळा मंगळवारी येऊन बुधवारी जातो म्हणून कटकट. शेजारचा गोरा म्हातारा अठरा वर्षं कुंपणापलीकडून हवामानावर बोलला, पण घरात आहे कोण कोण, हे त्यानं एकदाही विचारलं नाही म्हणून कटकट. तेव्हा जगातलं सगळं चांगलं अकोल्यात होतं. मग डेट्रॉइटजवळच्या या गावात बदली झाली, कंटेनरमधलं सामान उतरलं, आणि खोकी फोडायच्या आत सगळं चांगलं इंग्लंडात जाऊन बसलं.

"यांना सोडून आलेलंच गाव आवडतं," अंजनाकाकू म्हणायच्या. "उद्या चंद्रावर गेले तर तिथे नोव्हायचे गोडवे गातील."

इंग्लंडातून त्यांनी आणलेल्या सवयी कस्टमवाल्यांना दिसल्या नाहीत, नाहीतर तिथेच अडवल्या असत्या. पहिली सवय म्हणजे सॉरी. काका दाराला धडकले तर दाराला सॉरी म्हणत. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला की पाय देणाऱ्याच्या आधी हेच सॉरी म्हणत, आणि समोरचा अमेरिकन बिचारा 'नो प्रॉब्लेम' म्हणून यांना माफ करून निघून जाई. दुसरी सवय म्हणजे कौतुकाचं वावडं. इथे साध्या ईमेलला बॉस 'ऑसम' म्हणतो, 'फँटॅस्टिक' म्हणतो. काका घरी येऊन विचारात पडत, "याला माझ्याकडून काय पाहिजे असेल?" तिकडे अठरा वर्षांत साहेबानं त्यांना फक्त एकदा 'नॉट टू बॅड' म्हटलं होतं. त्या दिवशी काकांनी पेढे वाटले होते.

तिसरी सवय म्हणजे रांग. रांग हा काकांचा जीव की प्राण. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजानं जगाला रेल्वे दिली, क्रिकेट दिलं, त्यातलं निम्मं स्वतःच्या फायद्यासाठी दिलं, पण रांग मात्र त्यानं मनापासून केली. एकटा इंग्रज बसस्टॉपवर उभा असला तरी तो नुसता उभा नसतो, एका माणसाची रांग करून उभा असतो. आणि कुणी मध्ये घुसलं तर तो भांडत नाही, फक्त 'त्च' करतो. त्या 'त्च'नं घुसणारा आठवडाभर झोपत नाही, असं काका सांगत.

"बाबासाहेब लंडनला शिकले," ते म्हणत. "मग मी तिथे राहून आलेला माणूस, मी रांग मोडू?"

"काका, बाबासाहेब तर अमेरिकेतही शिकले," अतुल म्हणायचा. अतुल नागपूरचा, कंपन्यांचं सॉफ्टवेअर बघणारा, कायम उत्साहात असलेला पोरगा.

"म्हणून तर दोन्हीकडे आलो बाबा!"

तर अशा लहूकाकांना इथल्या मराठी मंडळींच्या 'करुणा मित्रमंडळा'चं अध्यक्ष केलं, तेव्हा आधीच्या माणसाची बदली झाली होती आणि दुसरं कुणी हात वर करत नव्हतं. पण काका ज्या दिवशी अध्यक्ष झाले त्या दिवसापासून ताठ चालायला लागले. कॉव्हेंट्रीत ते इतकी वर्षं शिस्तीत रांगेत उभे राहिले होते, आणि रांग संपून त्यांचा नंबर कधी आलाच नव्हता. तिथल्या कुठल्या समितीत कुणी त्यांना खुर्ची दिली नाही. इथे पहिल्यांदा चार माणसं 'काका, हे कसं करायचं?' म्हणून विचारायला लागली. अंजनाकाकूंना ते दिसत होतं, म्हणून मंडळाच्या सतरंज्या गॅरेजमध्ये येऊन पडल्या तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही.

मंडळाच्या बैठकाही काकांनी तिकडच्या संसदेच्या थाटात सुरू केल्या. कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. "माननीय सदस्यांनी आपल्या समोशाचा घास संपवून मग बोलावं," असं ते टेबल वाजवून सांगत. तिकडे एकमेकांना 'सन्माननीय' म्हणत म्हणत शाळकरी पोरांसारखा गोंगाट करतात, आणि त्यालाच लोकशाही म्हणतात, हे त्यांनी सगळ्यांना पटवलं होतं. गोंगाटाचा भाग मंडळींना लगेच जमला.

मग एप्रिल आला आणि बाबासाहेबांची जयंती आली. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं. दरवर्षी जेवणाच्या वेळी काय व्हायचं ते सांगायला नको. टेबलावर दोन्हीकडून झुंबड, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात पोर, गेल्या वर्षी कुणाच्या तरी पांढऱ्या कुर्त्यावर अख्खी वांग्याची भाजी. या वर्षी काकांनी माइक हातात घेतला. वंदना झाली होती, भाषणं झाली होती, पोरांचा नाच झाला होता, आणि आता सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"बंधुभगिनींनो," काका म्हणाले, "जेवणासाठी एकच रांग. पुढच्या माणसाच्या मागे उभं राहायचं. मध्ये घुसायचं नाही, चौकशा करायच्या नाहीत, धक्का द्यायचा नाही. आपण सुसंस्कृत माणसं आहोत हे आज नोव्हायला दिसू द्या."

अंजनाकाकू कॅफेटेरियाच्या त्या टोकाला, वाढपाच्या टेबलामागे पळी घेऊन उभ्या होत्या. पुऱ्या फुगलेल्या, मसालेभातातून वाफ निघतेय, जिलेबी चमकतेय. शेजारी मंडळातली सलोनी चिमटा घेऊन तयार. दोघी वाट बघत राहिल्या. कुणी येईना. हॉल हळूहळू रिकामा झाला आणि रिकामाच राहिला. पुऱ्या बसल्या. भाताची वाफ गेली. सलोनी म्हणाली, "काकू, सगळे घरी गेले की काय?"

काकू पळी घेऊनच बाहेर आल्या आणि बघतात तर काय! कॉरिडॉरभर रांग. दीडेकशे माणसं, एकामागे एक, अशी सरळ की बघत राहावं. कोपऱ्यावरून वळून ती पार जिमपर्यंत गेली होती. काका मागे-पुढे फिरत होते, धन्य धन्य झालेल्या चेहऱ्यानं. "शांत राहा, नंबर येईल. घाई नको."

"अहो, पण कुणी जेवायला का येत नाही?"

"रांग हलली की येतील," काका म्हणाले.

काकू रांगेच्या कडेकडेनं पुढे गेल्या. पाहुणे वक्ते दिसले, हसून नमस्कार करत होते, ओठ सुकलेले. अतुल दिसला, फोनवर काहीतरी मोजत होता. आणि रांगेच्या अगदी तोंडाशी, बायकांच्या रेस्टरूमच्या, म्हणजे टॉयलेटच्या दारासमोर, सुशांत उभा होता. सुशांत पुण्याहून बायको राधिकाला घेऊन नुकताच आलेला, लाजाळू मुलगा. त्याच्या एका खांद्यावर बायकांची पर्स आणि दुसऱ्या खांद्यावर शाल होती.

"काय रे, तू का थांबलास?"

"राधिका आत गेलीय काकू," सुशांत म्हणाला. घामानं त्याचा शर्ट भिजला होता. "आणि हे सगळे माझ्या मागे का उभे आहेत ते मला कळत नाहीये. विचारायचं नाही असं काका म्हणाले."

काकूंनी रेस्टरूमचं दार ढकललं. आत राधिका हात धुण्याच्या जागेला टेकून रडवेली उभी. तिनं दोनदा दार उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा दीडशे भुकेली माणसं दाराकडेच टक लावून बघताना दिसली म्हणून घाबरून लावून घेतलं होतं.

पुढे काय झालं ते नोव्हायमध्ये अजून कुणालाही विचारा, सांगताना बसावं लागेल त्याला. पाहुणे वक्ते हसता हसता भिंतीला टेकले. पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या, त्या तशाच ओढून ओढून खाल्ल्या आणि प्रत्येक घासाला कुणीतरी फुटत होतं. व्हॉट्सॲपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी चिडलं नाही. सगळे खूश होते, फक्त लहूकाका सोडून.

"तिकडे," ते सोफ्यावर बसून म्हणाले, "याच्या निम्म्या चुकीला माणूस राजीनामा देतो."

"तिकडे राजीनाम्यांची साथच आहे," काकू म्हणाल्या. "एका वर्षात तीन पंतप्रधान बघितले तिकडच्या लोकांनी. तुम्हाला काहून पाहिजे ते?"

"जबाबदारी म्हणजे जबाबदारी."

"देऊ नका. घेतील."

पण काका ऐकणाऱ्यातले नव्हते. काकूंना माहीत होतं, यांना राजीनामा द्यायचा आहे पण तो कुणी घ्यायला नको आहे. बाथरूममधून त्यांचा सराव ऐकू येत होता. 'संपूर्ण जबाबदारी माझी' म्हटल्यावर ते थांबत. त्या थांबण्यात 'नाही नाही काका, असं कसं!' हे मावेल एवढी जागा त्यांनी बरोबर ठेवली होती. आपल्याकडे पाहुणा पुरे म्हणाला तरी वाढणारीचा हात थांबत नाही, त्याच हिशेबानं.

रविवारी सकाळी बर्फमिश्रित पाऊस भुरभुरत होता. काकांनी लेकीचा, उपासनाचा, व्हायोलिनचा स्टँड आणून ड्राइव्हवेमध्ये, बरोबर घराच्या दारासमोर मांडला. उपासना कॉव्हेंट्रीत जन्मली, पण इथे सहा महिन्यांत 'वॉटर'ला 'वॉडर' म्हणायला लागली, याचं काकांना अजून दुःख आहे.

"डॅड, वी हॅव अ गॅरेज," ती म्हणाली.

"गॅरेजमध्ये कुणी राजीनामा देत नसतं," काका म्हणाले. "तिकडच्या पंतप्रधानांसारखा दाराबाहेर द्यायचा असतो. पावसात."

कमिटीची मंडळी छत्र्या घेऊन जमली. शेजारचा अमेरिकन बर्फ सारायचं मशीन बंद करून बघू लागला. पार्सलवाल्यानं गाडी थांबवली. काकांनी घसा साफ केला, जय भीम म्हणाले, आणि म्हणाले, "गेल्या शनिवारी जे घडलं त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो."

आणि ते थांबले.

काकू दारात उभ्या होत्या. मनातल्या मनात त्या सगळ्यांना म्हणत होत्या, बोला रे, कुणीतरी बोला. पण ही पोरं इथे येऊन बदलली होती. समोरचा नको म्हणाला की नको, हे त्यांनी ऑफिसात ट्रेनिंग घेऊन शिकून घेतलं होतं.

"रिस्पेक्ट, काका!" अतुल ओरडला. "वी टोटली रिस्पेक्ट युअर डिसिजन! यू डिझर्व्ह अ ब्रेक, यार!"

टाळ्या झाल्या. पार्सलवाल्यानंही वाजवल्या. शेजाऱ्याला वाटलं नोकरीतून निवृत्त झाले, तो 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणून गेला आणि दुपारी बायकोनं केलेले मफिन घेऊन आला. काकांनी स्टँड घडी केला, सगळ्यांना थँक्यू म्हटलं, आत आले आणि चहा टाकला. कप हातात धरून ते खिडकीशी उभे राहिले आणि चहा तसाच गार झाला. काकूंच्या मनात आलं, एवढं हसलो आपण, आणि एकानंही 'राहा' म्हणून म्हणू नये?

त्यानंतर घरात जे झालं त्याला काकूच साक्षी. ज्या माणसाला दीडशे लोकांची शिस्त बघायची सवय, त्याच्या हाताला आता दोन माणसं उरली. डिशवॉशरमध्ये चमच्यांनी कुठल्या दिशेला तोंड करायचं याचे नियम आले. सकाळी बाथरूमबाहेर रांग कुठून सुरू होते ते दाखवायला जमिनीवर निळी टेप आली. उपासनानं टेपकडे बघून 'त्च' केलं, अस्सल कॉव्हेंट्रीचं, तेव्हा काकांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला. बाकी वेळ ते सोफ्याच्या मागच्या खुर्चीत बसून असत.

"मी आता मागच्या बाकावरचा सदस्य," ते म्हणत. आणि हळूच फोन उघडून बघत, ग्रुपवर कुणी काही विचारलंय का.

मंडळात मात्र तिकडच्यासारखंच सुरू झालं. अतुल अध्यक्ष झाला. त्या दिवशी काकूंनी इंडियन स्टोअरमधून कोथिंबिरीची जुडी आणली होती.

"तिकडे एक पंतप्रधानबाई आल्या," काका म्हणाले, "तेव्हा एका पेपरनं सॅलडच्या पाल्याचा गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला. म्हणे, आधी कोण जातं बघू."

"मग?"

"गड्डा जिंकला."

काकूंनी जुडी फ्रिजमध्ये ठेवली. अतुलनं पहिल्या बैठकीत मंडळासाठी ॲप आणलं, दुसऱ्या बैठकीत त्या ॲपचा पासवर्ड कुणालाच आठवेना, आणि तिसऱ्या बैठकीआधी त्यानं मेसेज टाकला की त्याच्याकडे बँडविड्थ, म्हणजे वेळ, नाहीये. काकूंनी फ्रिज उघडला. कोथिंबीर हिरवीगार. मग सलोनी आली. तिची सासू पुढच्याच आठवड्यात भारतातून येतेय हे तिला अध्यक्ष झाल्यावर आठवलं. कोथिंबीर जरा मलूल, पण चटणीला चालण्यासारखी. शेवटी सुशांतला केलं, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. त्या रात्री काकूंनी चटणी वाटली आणि दोघं नवराबायको डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हसून झाल्यावर काका म्हणाले, "पोरगा चांगला आहे. जमेल त्याला." आणि पुन्हा फोन उघडून बघितला. फोनवर काही नव्हतं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. तेच शाळेचं कॅफेटेरिया. काका यायलाच तयार नव्हते.

"माजी अध्यक्षानं नव्याच्या पायात पाय घालू नये," ते म्हणाले.

"मग खीर मी एकटी उचलू?"

खीर उचलायला म्हणून ते आले. वंदनेला मागच्या ओळीत बसले. सुशांतचं भाषण इतकं हळू होतं की पहिल्या ओळीनंच ऐकलं. शेवटी तो माइकवर काहीतरी पुटपुटला, त्यातलं 'जेवण' एवढं सगळ्यांना कळलं. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. जेवणाचं टेबल कुठेतरी दुसरीकडेच लावलं होतं, आणि कुणी इकडे कुणी तिकडे बघत होतं. तेवढ्यात काकूंच्या हातावर खीर सांडली. "धरा जरा," म्हणून पर्स त्यांनी काकांच्या हातात दिली आणि त्या रेस्टरूममध्ये गेल्या.

हात धुऊन बाहेर आल्या, आणि दारातच थबकल्या.

समोर लहूकाका उभे. खांद्याला पर्स, पाठ ताठ, नजर भिंतीवरच्या शाळेच्या फुटबॉलच्या फोटोवर. आणि त्यांच्या मागे रांग. सरळ, शांत, कोपऱ्यावरून वळलेली, पार जिमपर्यंत गेलेली. काकांना त्याचा पत्ता नव्हता. ते आपले फोटो बघत होते.

त्यांच्या मागे पहिला नंबर होता सुशांतचा, त्याच्या मागे राधिका, त्यांच्या मागे अतुल.

"अरे, अध्यक्ष तू," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "तू इथे काय करतोयस?"

"जेवण कुठून सुरू करायचं तेच कळेना काकू," सुशांत म्हणाला. "काय करावं सुचत नव्हतं. मग काका उभे दिसले. म्हटलं, काका उभे आहेत म्हणजे रांग इथूनच."

"मला पण तसंच वाटलं," मागून अतुल म्हणाला. "काका, यार, तुम्ही सोडून गेल्यापासून नुसता गोंधळ चाललाय. आम्हाला वाटलं तुम्हाला खरंच नकोय."

काकांनी मान वळवली. आधी सुशांत दिसला, मग अतुल, मग एकेक करत कोपऱ्यापर्यंत सगळे चेहरे, सगळे यांच्याकडेच बघत असलेले. त्यांनी खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं. त्यांना काय सांगायचंय ते अंजनाकाकूंनी त्या चेहऱ्यावर वाचलं. बत्तीस वर्षांचा संसार होता. हा प्रामाणिक माणूस आता तोंड उघडणार आणि सगळ्यांना सांगणार की मी रांगेत नाही, मी बायकोची पर्स धरून उभा आहे.

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या पायावर जोरात पाय दिला.

"सॉरी!" काका म्हणाले.

"सॉरी काय! एवढी माणसं मागे ताटकळलीयत," काकू जरा ओरडूनच म्हणाल्या, "चला की पुढे!"

लहूकाकांनी पर्स खांद्यावर नीट केली, कोट खाली ओढला, आणि ते चालायला लागले. जेवणाचं टेबल कुठे लावलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण सगळी रांग त्यांच्या मागे निघाली आणि एकानंही विचारलं नाही.